एक घास आणि पाच मिनिटं

पत्र आधी देते. थोडं छोटं केलंय आणि ओळख पटेल असं काढून टाकलंय.

"ताई नमस्कार. मी २७ वर्षांचा, गे, पिंपरी-चिंचवडला कंपनीत कामाला. आमचं घर माळकरी, आजोबा दिंडीत विणेकरी होते, मी नऊ वर्षांचा असताना माळ घातली ती अजून गळ्यात आहे. एकादशी करतो, मांस-मच्छी खात नाही. मी गे आहे हे घरी माहीत नाही. पुण्यात आमचा एक क्वीअर ग्रुप (गे, लेस्बियन, ट्रान्स, सगळे) आहे, दर रविवारी भेटतो, तिथे आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं. पण तिथे माळेवरून सतत काही ना काही चालतं, 'भक्त', 'बुवा', 'शत्रूच्या गोटातला'. यंदा आषाढीला एकाने ग्रुपवर चिकन बिर्याणीचा फोटो टाकून मला टॅग केलं, 'ये माऊली, एक घास खाल्लास तर काय विठोबा रुसतो का'. सगळे हसले. ह्या मित्राला एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी एका बुवाकडे नेलं होतं 'बाहेरचं काढायला', त्या बुवाच्या गळ्यातपण माळ होती म्हणे, पण त्यात माझा काय दोष? मी चिडून लिहिलं की तुम्हा लोकांना संस्कार नाहीत म्हणूनच समाज आपल्याला नावं ठेवतो. नंतर मी सुचवलं की ग्रुपच्या जागेत दीड दिवसाचा गणपती बसवू, तर विदर्भातला एक बौद्ध मित्र म्हणाला मी आरतीला येणार नाही. मी म्हटलं पाच मिनिटं उभा राहिलास तर काय बिघडतं, सगळ्यात धर्म कशाला आणतोस. तो ग्रुप सोडून गेला. आता अर्धे लोक माझ्याशी बोलत नाहीत. घरी गे असल्याचं लपवायचं, ग्रुपमध्ये माळकरी असल्याचं लपवायचं, मग मी मी म्हणून राहायचं कुठे? तिथे जाताना माळ काढून खिशात ठेवू का? की ग्रुपच सोडू? - माळकरी"

माळकऱ्या,

माळ काढू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तेवढी एक धाकधूक नको, कारण पुढचं सगळंच काही तुला गोड लागणारं नाहीये.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझ्या ग्रुपचा जाम राग आला. उपासाच्या दिवशी बिर्याणीचा फोटो, वरून टॅग, त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग, हे सगळं मला न बघता दिसतं कारण मीपण असल्या ग्रुपांमध्ये वीस वर्षं काढलीत (सुरुवातीला व्हॉट्सॲप नव्हतं, टोमणे समोरासमोर मिळायचे, एवढाच फरक). मग चहा ठेवला, परत वाचलं आणि दोन वाक्यांवर अडकले. एक तुझ्या मित्राचं, "एक घास खाल्लास तर काय". दुसरं तुझं, "पाच मिनिटं उभा राहिलास तर काय बिघडतं". जरा मोठ्याने म्हणून बघ दोन्ही. एकच वाक्य आहे रे ते.

तुझ्या डोक्यात आरती म्हणजे टाळ्या, झांजा, नंतर हातावर मोदक, त्यात कुणाला काय खुपणार असं तुला वाटतं. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातली तिसरी थेट हीच आहे, गौरी-गणपतीला देव मानणार नाही आणि त्यांची पूजा करणार नाही. तुझ्या त्या बौद्ध मित्राच्या घरी त्या प्रतिज्ञा आजीने पाठ करून घेतल्या असतील, जसे तुझ्याकडून आजोबांनी अभंग पाठ करून घेतले असतील. तू माळ घातलीस तेव्हा महाराजांनी सांगितलंच असेल ना, आजपासून मांस नाही, दारू नाही, एकादशी चुकवायची नाही, खोटं बोलायचं नाही (ह्या शेवटच्या कलमावर आपण घरी लपवणारे सगळेच जरा खोकतो, ते सोड). म्हणजे तुझ्यासारखंच त्याच्याही गळ्यात काहीतरी आहे, फक्त ते दिसत नाही. तू बिर्याणीचा घास नाही खाल्लास आणि तो आरतीला नाही उभा राहिला, ह्यात मला तरी तसूभर फरक दिसत नाही. आणि "सगळ्यात धर्म कशाला आणतोस" हे कोण म्हणतंय तर जो गणपती बसवायला निघालाय तो! ते वाचून मला हसूच आलं, सॉरी.

तू म्हणशील विठोबा तर सगळ्यांचा आहे, वारीत कुणी जात विचारत नाही, समोरून येणारा कोणीही असो आधी एकमेकांच्या पाया पडतात आणि माऊली म्हणतात. हे मी स्वतः पाहिलंय आणि मला ते फार आवडतं. पण चोखोबांची समाधी कुठे आहे ते आठव. देवळाच्या बाहेर, पायरीपाशी. दलितांना आत जाऊन त्या पायांवर डोकं ठेवता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, दहा-एक दिवस, म्हणजे देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले होते आणि विठोबाचं दार अजून सगळ्यांना उघडं नव्हतं. तुझ्या आजोबांच्या बालपणातली गोष्ट ही, फार जुनी नाही. तू त्या देवळात आजोबांचा हात धरून गेलास, तुझ्या मित्राच्या आजोबांना तिथेच काय आठवत असेल ते एकदा त्याला विचारायला हवं होतंस, उभा राहा म्हणायच्या आधी.

आता बिर्याणीवाला. त्याच्याबद्दल तू जे लिहिलंयस ते एका श्वासात लिहून पुढे निघून गेलास, आणि मला पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच वाटतं. बुवाच्या गळ्यात माळ होती म्हणे, त्यात माझा काय दोष. दोष नाहीच. पण "बाहेरचं काढणं" म्हणजे काय असतं हे मी तीन-चार जणांच्या तोंडून ऐकलंय. कडुनिंबाचा डहाळा, मिरचीची धुरी, केस धरून मान मागे ओढायची आणि विचारत राहायचं, "कोण आहेस तू, बोल, कोण आहेस तू". आणि त्या पोराला पक्कं माहीत असतं आपण कोण आहोत, तेच तर त्याने घरी सांगितलेलं असतं. त्यानंतर किती वर्षं गेली असतील कोण जाणे, पण दर रविवारी चहाचा कप घेऊन तू त्याच्या समोर बसतोस आणि त्याची नजर जाते ती तुझ्या गळ्याकडे. मग तो जोक मारतो. जोक मारला की निदान हात तरी थरथरत नाहीत.

ह्याने त्याचा फोटो माफ होत नाही, त्याच्यावर येते परत. पण एक गंमत सांगते, गंमत म्हणजे काय, कायद्याची गोष्ट आहे. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून घालणं, मारणं, धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. (बुवाच्या जागी डॉक्टर असता तरी, असल्या 'बदलून देतो'वाल्या उपचारांना नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असू दे.) आणि त्याच जादूटोणा कायद्यात पुढे एक कलम आहे की यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरात नाहीतर देवळात-दर्ग्यात-चर्चमध्ये केलेली प्रार्थना, ह्यांना हा कायदा लागू नाही. माळ घालून कीर्तनाला बसणारा वेगळा आणि माळ घालून पोराला झोडपणारा वेगळा, एवढं सरकारी कागदाला कळलंय तर आपल्या ग्रुपला कळायला हरकत नाही.

बाकी राग फक्त त्या एकाचाच आहे असं समजू नकोस. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये आपल्याला ३७७ मधून (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) सोडवलं तेव्हा सुप्रीम कोर्टात धावत कोण कोण गेलं होतं? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संस्था, सनातन धर्माच्या नावाची संस्था. एरवी एकमेकांच्या दारात पाणी न पिणारे सगळे आपल्याला गुन्हेगार ठरवायला मात्र एका रांगेत उभे होते. ११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकले आणि ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत आपण परत गुन्हेगार. पावणेपाच वर्षं. ज्यांनी ती काढलीत त्यांना देव म्हटलं की आधी वकीलपत्र आठवतं. तू तेव्हा कॉलेजात असशील नाहीतर शाळेत, तुला तो काळ तसा लागलेला नाही, बरंच आहे ते.

पण "शत्रूच्या गोटातला" हे मात्र मी ऐकून घेणार नाही, आणि हे वाचत असतील तर तुझ्या ग्रुपमधल्यांनीपण ऐकावं. आपल्याकडे प्राइड, झेंडे, क्वीअर हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून तृतीयपंथीयांची घराणी देव-धर्म धरूनच जगत आलीयेत. बहुचरा मातेला मानणार आणि कल्याणजवळ हाजी मलंगच्या उरुसालाही जाणार, गुरू मुसलमान आणि चेला हिंदू नाहीतर उलट, तिथे कुणाला त्याचं नवल नसतं. आणि मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे मंगळवारी-शुक्रवारी जोगते (देवीला सोडलेले, साडी नेसणारे पुरुष) यायचे, डोक्यावर यल्लमाचा जग म्हणजे देवी बसवलेली टोपली, हिरवी साडी, कपाळभर भंडारा. आमची आजी परडीत पीठ घालायची आणि वाकून पाया पडायची. आणि त्याच आजीने माझ्या मामेभावाने आईच्या बांगड्या घालून बघितल्या म्हणून चुलीतलं लाकूड बाहेर काढलं होतं. दारातल्याच्या पाया पडायचं आणि घरातल्याच्या पाठीत घालायचं, दोन्ही एकाच हाताने, आणि आजीला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. तर आपलं आणि धर्माचं नातं हे असं आहे बघ, गुंत्याचं. २०१५ मध्ये तृतीयपंथीयांचा किन्नर आखाडा निघाला आणि २०१९ च्या प्रयागराजच्या कुंभात त्यांच्या साध्वींचं दर्शन घ्यायला गर्दी लोटली तेव्हा आमच्यातल्या काहींचा ऊर भरून आला आणि काहींना भीती वाटली की आता आपला स्वीकारही एकाच धर्माच्या पावतीवर होणार का. मला दोन्ही वाटलं, एकाच दिवशी.

आणि मी काही फार शहाणी आहे म्हणून हे लिहितेय असं नाही, माझाच एक किस्सा सांगते. माझी जोडीदार वसईची, कॅथलिक. दर रविवारी चर्चला जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि फार कुणाशी न बोलता परत येते. मी काही एकदम नास्तिक नाही, आईच्या देव्हाऱ्यातला अंबाबाईचा टाक माझ्याकडे आहे, आई गेल्यावर भाऊ म्हणाला तुझं लग्न नाही तर तुला कुळाचार कसला आणि बाकीचे देव घेऊन गेला, हा एक टाक मी मुठीत धरून ठेवला होता. नवरात्राच्या आधी चिंच लावून घासते. म्हणजे देव काय असतो हे मला कळायला हवं होतं. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनमधून पत्रक निघालं की पाद्री आपल्यासारख्या जोडप्यांना आशीर्वाद देऊ शकतील, लग्न म्हणून नाही आणि लग्नाच्या विधीसारखं दिसेल असं तर मुळीच नाही. तिने ते मोबाइलवर तीनदा वाचलं. मी ओट्यापाशी गवार मोडत होते, मी म्हटलं, "म्हणजे नव्या गाडीवर पाणी शिंपडतात तेवढंच ना?" ती काही बोलली नाही. मोबाइल चार्जिंगला लावला आणि आत जाऊन झोपली. संध्याकाळचे सात वाजले होते.

दोन दिवसांनी म्हणाली, "थोडंच होतं गं ते, मलाही कळतं. पण ते माझं होतं, आणि तू हसलीस."

मी सॉरी म्हटलं, पण म्हणताना "सॉरी, पण तुमच्या चर्चनेच आधी…" असं म्हटलं, म्हणून ते सॉरी बाद झालं आणि दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

तर तुझं पहिलं काम हे, ग्रुप सोडून गेलेल्या मित्राची माफी, आणि त्यात 'पण' नको. ग्रुपवर नको, त्याला एकट्याला पाठव. मला सुचलं ते लिहून देते, तुझ्या भाषेत कर:

"मी तुला आरतीला पाच मिनिटं उभा राहा म्हणालो ते चुकलं. तुझ्यासाठी ते काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि विचारावं असंही सुचलं नाही. 'संस्कार नाहीत' असं जे लिहिलं तेही मागे घेतो. ग्रुपच्या जागेत गणपती बसवायचा विषय मी बंद केलाय आणि तसं सगळ्यांना सांगतोय. तू परत आलास तर मला बरं वाटेल, नाही आलास तरी मी समजून घेईन."

संस्कारांचं ते वाक्य मागे घ्यायचं विसरू नकोस, कारण खरं सांगू, बिर्याणीच्या फोटोपेक्षा मला ते जास्त लागलं. "तुम्ही असे वागता म्हणून समाज आपल्याला नावं ठेवतो" हे आपल्याला भाडेकरू म्हणून नाकारणारा घरमालक बोलतो, लग्नाच्या पंगतीत काका बोलतात. तू ते त्यांच्याकडून उसनं आणलंस आणि आपल्याच माणसांवर चालवलंस. आणि बिर्याणीवर चिडून लिहिलंस तरी ते जाऊन बसलं कुठे बघ, ज्याने तुझी कधी टिंगल केल्याचं तू लिहिलेलं नाहीस त्या बौद्ध मित्रावर, ज्याच्या घराला संस्कार नाहीत हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं असेल.

बिर्याणीवाल्याला मात्र मेसेज नको, भेट. चहा पाज. आधी तुझं सांग, साधं, की तो फोटो मला लागला आणि एकादशी हा माझ्यासाठी जोक नाहीये. मग एवढंच म्हण की माळ बघून तुला काय होतं ते सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन. "सगळे माळकरी तसे नसतात" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, ते त्यालापण माहीत आहे, त्याला ते ऐकून काही मिळत नाही. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर क्रिकेटवर बोला. आणि एवढं करूनही पुढच्या एकादशीला परत फोटो आला तर ॲडमिनला सांग आणि त्याला म्यूट कर, तिथे मी तुझ्या बाजूने आहे. त्याचं दुखणं खरं आहे पण म्हणून दर पंधरा दिवसांनी तुला ओरबाडायचं लायसन्स त्याला मिळत नाही.

ग्रुपच्या जागेचं म्हणशील तर माझं मत सरळ आहे, तिथे कुणाचंच काही नको, आरती नको, सत्यनारायण नको, वंदना नको, दुवा नको. ज्याला जे करायचं त्याने घरी करावं आणि मनापासून बोलवावं, आणि न येणाऱ्याला का नाही आलास विचारू नये. तुझ्या मित्राने १४ एप्रिलला बोलवलं तर तू जा, जेवायला तुझ्यापुरतं काय आहे ते आधी विचार, त्यात लाजायचं काय. रविवारी जेवण मागवताना एक व्हेज एक चिकन मागवायला अक्कल लागत नाही, आणि एकादशी रविवारी आलीच तर तू सगळ्यांपुरती साबुदाण्याची खिचडी घेऊन जा, खिचडीला नाही म्हणणारा कट्टर नास्तिक मी अजून बघितलेला नाही.

राहिला तुझा तो प्रश्न, मी मी म्हणून राहायचं कुठे. घरी लपवणं आणि ग्रुपमध्ये लपवणं ह्या दोन गोष्टी तू एका मापाने मोजतोयस, त्या तशा नाहीयेत. घरी बोललास तर काय होईल हे तुला अजून माहीत नाही, डोक्यावरचं छप्पर, आजोबांची माया, सगळं पणाला लागू शकतं, त्यामुळे तिथे घाई करू नकोस आणि घाई करत नाही म्हणून स्वतःला खोटारडाही म्हणवून घेऊ नकोस. ग्रुपमध्ये बोललास तर फार तर दोन रविवार वाईट जातील. म्हणून आधी तिथे सांग, माळ शर्टाच्या बाहेर ठेवून. ग्रुप इतक्यात सोडू नकोस, दोन-तीन महिने दे, तोवरही कुणाला ऐकायचंच नसेल तर मग दुसरी माणसं शोधू, मला परत लिही.

आणि तो मेसेज आज रात्रीच पाठव, कार्तिकीपर्यंत शब्द घासत बसू नकोस. पाठवलास की फोन पालथा घाल आणि झोप, ब्लू टिक कधी येते ते बघत बसायचं नाही.

- ताई